सहमत नाही, कारण...

कार्यालयातलं खरं मत ऐकायचं असेल तर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभं राहावं. आत बैठकीत सगळ्यांनी माना डोलावलेल्या असतात, इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं पडलेलं असतं, आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर त्याच निर्णयाची चिरफाड सुरू होते. एवढ्या मनुष्यबळात हे होणार नाही. मुदत चुकीची धरली आहे. त्या गावाला रस्ताच नाही, तिथे ट्रक जाणार कसा? बोलणारी माणसं हुशार असतात आणि त्यांच्या शंका बहुतेक वेळा रास्तही असतात. पण जिथे निर्णय झाला त्या टेबलापर्यंत त्या पोचलेल्याच नसतात. पुढे काम फसलं की तीच माणसं म्हणतात, ‘मला तेव्हाच माहीत होतं.’ या वाक्याइतकं कामाचं नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही, असं माझं मत आहे. माहीत होतं, तर ते गेलं कुठे?

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. तहसील, मग प्रांत कार्यालय, मग जिल्हाधिकारी कार्यालय. सरकारी कार्यालय म्हणजे मूग गिळून बसायची जागा, असं बाहेरच्यांना वाटतं आणि आतल्याही अनेकांना वाटतं. मला मात्र उलट वाटत आलं आहे. मतभेद मांडायची एक फार जुनी आणि फार चांगली सोय सरकारी कामकाजात आहे. ती म्हणजे नस्तीतली टिपणी.

ज्यांनी नस्ती कधी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नस्ती म्हणजे एका प्रकरणाची फाइल. तिचे दोन भाग असतात. एकीकडे आलेली-गेलेली पत्रं, दुसरीकडे टिपणी. विषय काय, नियम काय म्हणतो, यापूर्वी अशा प्रकरणात काय झालं आणि आता काय करावं, हे लिपिक परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहितो आणि खाली सही करतो. मग ती अव्वल कारकुनाकडे जाते, नायब तहसीलदारांकडे जाते, तहसीलदारांकडे जाते. वरच्या प्रत्येकाला वेगळं मत लिहायची मुभा असते. खालच्याने लिहिलेलं खोडायची मात्र मुभा नसते. वेगळं वाटत असेल तर त्याच्याखाली लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची.

या पद्धतीत एक गोष्ट आहे जी मला कुठल्याही बैठकीत दिसली नाही. टिपणीत सगळ्यात कनिष्ठ माणूस सगळ्यात आधी बोलतो. बैठकीत साहेब आधी बोलतात आणि मग त्यांच्या बोलण्याला बाकीचे आपापली मतं बेतून घेतात. कोणाचा धीर झालाच तर तो ‘साहेबांचं बरोबरच आहे, फक्त...’ अशी सुरुवात करतो आणि त्या ‘फक्त’नंतरचं कोणी ऐकत नाही. नस्तीत वरच्याचं मत काय असेल हे लिपिकाला ठाऊक नसतं. त्याच्यासमोर असतं ते प्रकरण, नियम आणि कोरा कागद. ज्याने कोणी ही उतरंड अशी खालून वर ठरवली त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असली पाहिजे.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीला आणि मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, शाळू, हरभरा आडवा झाला. मोसंबीच्या बागांत झाडांची साल सोललेली मी पाहिली आहे. त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. म्हणजे एकाच कार्यालयातली तीच माणसं सकाळी पंचनाम्यांना आणि दुपारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. मी तेव्हा एका तहसील कार्यालयात होते. तहसीलदार मॅडम वयाने लहान, परीक्षा देऊन थेट आलेल्या. अव्वल कारकून निवृत्तीला टेकलेले. आमच्याकडे अव्वल कारकुनाला अण्णासाहेब म्हणायची रीत आहे, तेव्हा इथेही अण्णासाहेबच म्हणते.

अनुदानवाटपाच्या याद्या बँकेकडे पाठवायच्या होत्या. पंचनामा संयुक्त असतो. तेव्हा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशा तिघांच्या सह्या लागत. त्या वेळी पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत मिळत असे, त्यामुळे टक्केवारीच्या रकान्यावर सगळं अवलंबून. अण्णासाहेब याद्या तपासत होते आणि दोन गावांपाशी थांबले. त्या दोन्ही याद्यांवर कृषी सहायकाची सही नव्हती आणि एका यादीत प्रत्येक गट नंबरासमोर एकच आकडा होता, साठ टक्के. ओढ्याकाठच्या रानालाही साठ आणि माळावरच्या रानालाही साठ.

ते याद्या घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. मी बँकेच्या पत्रावर सही घ्यायला उभी होते, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं.

“मॅडम, वाटप थांबवावं लागेल.”

“अण्णासाहेब, बाहेर व्हरांड्यात लोक बसलेत. काहींनी सावकाराचं घेतलंय. सह्यांसाठी त्यांना थांबवायचं?”

“सह्यांसाठी नाही म्हणत मी. ही यादी शेतात जाऊन झालेली नाही. अशीच गेली तर उद्या लेखापरीक्षणात निघेल आणि मग याच लोकांच्या दारात वसुलीची नोटीस घेऊन आपलाच तलाठी जाईल. खाल्लेले पैसे ते परत कुठून आणतील?”

मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे तुम्ही लिहा. जसं मला सांगितलंत तसंच टिपणीत लिहा.”

हे त्या ज्या सुरात म्हणाल्या तो सूर मला महत्त्वाचा वाटतो. ‘लिहून द्या’ हे वाक्य आमच्या खात्यात पुष्कळदा धमकी म्हणून वापरलं जातं. लिहून द्या, म्हणजे मग बघतो तुमच्याकडे. इथे तसं नव्हतं. त्यांना ते मत नस्तीत हवं होतं, कारण ते विचारात घ्यायचं होतं. अण्णासाहेबांनी अर्धं पान लिहिलं. त्यात तलाठ्याच्या आळसाबद्दल अवाक्षर नव्हतं, आपल्या अनुभवाचा दाखला नव्हता, मॅडम नवीन आहेत असं सुचवणारं काही नव्हतं. कोणती गावं, कोणते रकाने, कोणती सही नाही, असं वाटप झाल्यास पुढे काय होऊ शकेल, एवढंच. शेवटी स्वतःचं मत: सर्व याद्या फेरतपासणीपर्यंत रोखाव्यात.

मॅडमनी त्याखाली लिहिलेलं मला जवळजवळ शब्दशः आठवतं. परिच्छेद तीनमधील शंका रास्त आहे. तथापि सर्व गावांचे वाटप रोखण्याशी सहमत नाही, कारण उर्वरित याद्या परिपूर्ण आहेत व विलंबाचा भार शेतकऱ्यांवर पडेल. त्या याद्या आजच बँकेकडे पाठवाव्यात. सदर दोन गावांत उद्या तिघांनी एकत्र फेरपाहणी करून तीन दिवसांत स्वाक्षरीसह यादी सादर करावी. मी स्वतः उपस्थित राहीन.

त्या संध्याकाळी बाकीच्या गावांच्या याद्या खाते क्रमांकांशी ताडून बँकेकडे पाठवायचं काम कोणी केलं असेल? अण्णासाहेबांनीच. सगळं थांबवावं असं त्यांचं मत होतं आणि ते अर्धं मान्य झालं नव्हतं. तरी रात्री कार्यालय बंद होईपर्यंत ते एकेक आकडा बोट ठेवून वाचत होते आणि मी समोर बसून ताडत होते. चेहऱ्यावर डूख धरल्याची खूण नाही, कामात चालढकल नाही. फेरपाहणीत एका गावाचे आकडे जवळपास तसेच निघाले. दुसऱ्या गावात काही गट पन्नासच्या खाली गेले आणि मूळ यादीत सुटलेली काही घरं आत आली. त्यात एका विधवा बाईंचं नाव होतं. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर होती, म्हणून पहिल्या वेळी त्यांच्या शेताकडे कोणी गेलंच नव्हतं.

मॅडमचं एकटीचं मत चाललं असतं तर ती बाई सुटली असती. अण्णासाहेबांचं एकट्याचं मत चाललं असतं तर बाकीची गावं विनाकारण ताटकळली असती. निर्णय चांगला झाला तो दोघांची मतं जुळली म्हणून नव्हे. ती जुळली नव्हती आणि तरीही एकाच पानावर, एकाखाली एक, कारणासकट आली होती, म्हणून झाला.

याच्या उलटही मी पाहिलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. दुसऱ्या एका कार्यालयात एका लिपिकाने प्रस्तावाविरुद्ध टिपणी लिहिली. नस्ती वरून परत आली ती शेऱ्याशिवाय. शिपायाबरोबर निरोप आला: पान बदलून आणा. म्हणजे ती टिपणी काढायची, अनुकूल टिपणी लिहायची, जुनी तारीख टाकायची. त्या मुलाने नवीन पान लिहिलं. त्याची नोकरी नवी, घरी म्हातारे आईवडील, आणि बदलीचं अस्त्र साहेबांच्या हातात. त्याला मी कधीच दोष दिला नाही. पण त्या दिवसानंतर त्या कार्यालयातल्या टिपण्या पाहण्यासारख्या झाल्या. प्रकरणाची हकिकत, नियमांचे उतारे, आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. स्वतःचं मत कोणाचंच नाही. खालून वर येईपर्यंत पाच सह्या आणि पाचही जणांचं ‘आदेशार्थ सादर’. वर बसलेल्या साहेबांना वाटत असेल, माझ्या कार्यालयात किती शिस्त आहे. खरं तर प्रत्येक निर्णय घेताना ते एकटे पडले होते. तेवढ्या माणसांचं डोकं त्यांना फुकट उपलब्ध होतं आणि एका निरोपाने त्यांनी ते स्वतःसाठी बंद करून घेतलं.

‘चर्चा करावी’ हा असाच एक शेरा. नस्तीच्या कडेला बारीक अक्षरात दोन शब्द आणि आद्याक्षरं. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांपैकी काही अधिकारी हा शेरा लिहायचे आणि खरोखर चर्चा करायचे. लिपिकाला समोर बसवायचे, पाणी विचारायचे, ‘तुम्हाला असं का वाटतं’ म्हणून विचारायचे, आणि शेवटी काय ठरलं ते नस्तीत लिहायचे: चर्चा झाली, त्यानुसार अमुक. काही जण चर्चा बंद दाराआड करायचे आणि नस्तीत काहीच यायचं नाही; लिपिकानेच आपलं मत बदलल्यासारखं दिसायचं. पहिल्या प्रकारात माणूस खोलीतून बाहेर येताना मोठा झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात तो पुढच्या वेळी लिहीत नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी द्यावा लागलाच तर त्याला लवकरात लवकर लेखी दुजोरा द्यावा, असं त्यांत आहे. नियम असून भागलं नाही. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ ऑक्टोबर २०१३ ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, मिळालेल्या सूचनांची लेखी नोंद ठेवावी. नोंदच नसेल तर माहितीच्या अधिकाराला काय अर्थ उरतो, हाही मुद्दा त्यात होता. त्याआधी २००६ मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा येऊन जेमतेम वर्ष होत असताना, नस्तीवरच्या टिपण्या त्यातून वगळायचा विचार केंद्र सरकारने केला होता. अण्णा हजारे तेव्हा आळंदीला उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती मागे पडली. टिपणी उघड झाली तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत, असं वगळण्याच्या बाजूने म्हटलं जात होतं. मला हा युक्तिवाद कधी पटला नाही. प्रामाणिकपणे विरोध लिहिणाऱ्या लिपिकाला उजेडाचं भय नसतं. त्याला भय असतं पान बदलण्याचं, आणि उघडी टिपणी त्यापासूनच त्याला वाचवते.

लेखी मतभेद लगेच उपयोगी पडतोच असं नाही. २८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीत, स्थानबद्धांच्या हक्कांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी एक निर्णय दिला आणि न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने वेगळा. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना दिलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. पण त्यांचं निकालपत्र बहुमताच्या निकालपत्रांसोबतच छापलं गेलं होतं, कोणी ते पान काढून टाकलं नव्हतं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते बहुमत रद्दबातल ठरवलं. १९७६ च्या त्या चौघांत पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये ते चूक होतं असं लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड.

पण मतभेद हाताळावा कसा याचा सगळ्यात मोठा धडा मला त्याहून जुन्या एका भाषणात सापडला. २५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेचं काम संपत आलेलं. मसुद्याला सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आलेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेलेल्या. प्रकृती साथ देत नसताना डॉ. आंबेडकरांनी महिनोन्‌महिने एकेका दुरुस्तीला उत्तर दिलं होतं. त्या दिवशीच्या भाषणातले लोकशाहीविषयीचे इशारे सगळ्यांच्या तोंडी असतात. त्याच भाषणात आधी एक भाग आहे, तो फारसा कोणी वाचत नाही. पक्षशिस्त कडक पाळली गेली असती तर ही सभा होयबांचा मेळा झाली असती, सुदैवाने इथे बंडखोर होते, असं ते म्हणतात आणि त्यांची नावं घेतात. ह. वि. कामत, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, आणि त्यांच्याबरोबर के. टी. शहा आणि हृदयनाथ कुंझरू. यांच्या सूचना मी स्वीकारू शकलो नाही म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असं सांगून ते त्यांचे आभार मानतात. हे नसते तर संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधीच मला मिळाली नसती, आणि कलमं मंजूर करून घेण्यापेक्षा ते अधिक महत्त्वाचं होतं, असंही म्हणतात.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. ज्यांनी आपल्याला सर्वाधिक दमवलं त्यांची नावं शेवटच्या दिवशी घ्यायची, भर सभेत, इतिहासात राहतील अशा भाषणात. आपण त्यांचं ऐकलं नाही हेही लपवायचं नाही. आणि विरोधामुळे आपल्याला आपली कारणं शोधावी लागली, हा त्यांचा उपकार मानायचा. आमच्या कार्यालयांतून निरोपसमारंभ होतात, त्यांत ‘सर्वांनी सहकार्य केलं’ असं म्हणायची पद्धत आहे. ‘अमुक बाईंनी मला तीनदा अडवलं आणि म्हणून माझ्या हातून तीन चांगले आदेश झाले’ असं कोणी म्हटलेलं मी एकदाच ऐकलं, आणि त्या बाई नंतर किती वेळ डोळे पुसत होत्या तेही पाहिलं.

आता कागद जाऊन ई-ऑफिस आलं. त्यात पिवळी टीप कच्ची असते, ती बदलता येते, टाकून देता येते. हिरवी झाली की कायमची. कोणालाही, लिहिणाऱ्यालाही, तिला हात लावता येत नाही. जुन्या तारखेचं पान घुसवणं आता सोपं राहिलेलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच वेळी खरं कामकाज व्हॉट्सअॅपच्या गटांवर सरकलं आहे. तिथे साहेब सूचना टाकतात आणि खाली अंगठे आणि नमस्कार यांची रांग लागते. सगळ्यांच्या देखत, दोन मिनिटांत, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘सहमत नाही, कारण’ असं लिहायला कोण धजावेल? आणि समजा लिहिलं, तर ते कारण वाचायला तिथे कोण थांबतं? काही दिवसांनी तो संदेश शोधूनही सापडत नाही.

आणखी एक गोष्ट मला सलते. मी ज्या टिपणीचं एवढं कौतुक केलं ती लिहायचा अधिकार सगळ्यांना नाही. आज निम्मं काम ज्यांच्या जिवावर चालतं ते संगणकचालक कंत्राटी आहेत. यादीतला घोळ सर्वांत आधी त्यांना दिसतो, कारण प्रत्येक नाव त्यांच्याच बोटांखालून जातं. चुकीचा खाते क्रमांक, दोनदा आलेलं नाव, हयात नसलेला माणूस. शिपायाला ठाऊक असतं की कोणती म्हातारी तीन आठवडे रोज येऊन बाकावर बसते आणि परत जाते. यांच्या मतासाठी नस्तीत जागा नाही. त्यांनी सांगितलं तर सांगितलं, ऐकलं तर ऐकलं. गारपिटीच्या त्या दिवसांत एकच आकडा असलेली यादी अण्णासाहेबांच्या नजरेला आणली होती ती आमच्याकडच्या संगणकचालक मुलीने. टिपणीत तिचं नाव नव्हतं. अण्णासाहेबांनी मॅडमना ते तोंडी सांगितलं आणि फेरपाहणीला मॅडमनी तिला सोबत नेलं. नियमात बसत नसूनही तिला सोबत नेणं, हे मी त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत चांगलं काम मानते.

तुम्ही सरकारी नोकरीत असाल, बँकेत, शाळेत किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीत असाल. तुमच्या हाताखाली दोन माणसं असली तरी हे तुम्हाला लागू आहे. उद्याच्या बैठकीत तुमचं मत सर्वांत शेवटी सांगा. सुरुवात सगळ्यांत धाकट्यापासून करा. कोणी विरोधात काही लिहून आणलं तर त्याच कागदावर, त्याच्या मजकुराखाली तुमचं कारण लिहा, मग तुमचा निर्णय काहीही असो, आणि तो कागद तसाच नस्तीत राहू द्या.